घाण्यामागचे पाणी : प्रस्तावना

तेलाचे गुण वर्णन करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. परंतु तेल काढून झाल्यावर घाण्याच्या मागल्या दाराने जे पाणी बाहेर पडते, त्या पाण्यासाठी कोणी एक स्वतंत्र पुस्तक लिहावे, ते मराठीत लिहावे आणि सिंधुदुर्गातील बागायतदार, सरपंच व सहकारी संस्थांचे संचालक यांना उद्देशून लिहावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी काहीशी विक्षिप्त वाटण्याजोगी आहे. आंबा, काजू, माड आणि पोफळ यांच्या या मुलखात पामतेलाच्या सांडपाण्याचा विचार करण्याचे प्रयोजन काय, असे वाचक विचारील. आणि त्याचे समाधान केल्याखेरीज त्याला पुढील प्रकरणांत नेणे हा प्रस्तावनाकाराचा उद्धटपणा ठरेल.

ऑइल पाम हे झाड या जिल्ह्याला सर्वस्वी परके राहिलेले नाही. देशात या पिकास योग्य जमीन कोठे आहे हे ठरविण्यासाठी नेमलेल्या चढ्ढा समितीने १९८८ साली जी राज्ये सुचविली त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. १९९१-९२ पासून केंद्र सरकारचा ऑइल पाम विकास कार्यक्रम सुरू झाला. कुडाळ तालुक्यातील मुळदे येथे कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर या पिकाचे संशोधन होत आले. आणि सावंतवाडी-दोडामार्गाच्या बाजूस काही बागाही उभ्या राहिल्या. या टापूला जवळचा म्हणावा असा मोठा घाणा सरहद्दीपलीकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईस आहे. २०२१ साली केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे नवे खाद्यतेल अभियान मंजूर केले. त्याचा मुख्य रोख ईशान्येकडील राज्ये व अंदमान यांकडे असला, तरी लागवडीचे अनुदान जाहीर झाले की रोपांची मागणी कोठून येईल आणि रोपांच्या मागोमाग घाण्याची मागणी कोठून येईल, याचा नेम कोणी सांगू नये. या पिकाची अशी एक खोड आहे की, बाग वाढली म्हणजे घाणा तिच्या शेजारी येतोच.

याचे कारण फळाच्या प्रकृतीत आहे. भुईमूग किंवा खोबरे पोत्यात भरून महिनाभर ठेवता येते. पामाचा घड उतरविल्यापासून चोवीस तासांच्या आत वाफेत गेला पाहिजे, कारण फळाच्या गरातच एक विकर असे असते की, गर दुखावला रे दुखावला की ते तेलाचे विघटन करून त्यात आम्लता उत्पन्न करू लागते. तेव्हा दूरच्या औद्योगिक वसाहतीत घाणा ठेवून तेथे माल पाठविण्याची सोय या पिकात नाही. आणि घाणा ज्या गावात, सांडपाणीही त्याच गावात. मलेशिया व इंडोनेशिया या देशांनी हे अनुभवाने जाणले. पश्चिम आफ्रिकेतील या झाडाची चार रोपे १८४८ साली जावा बेटावरील बोगोरच्या वनस्पतिउद्यानात लागली. मलायात सेलांगोर प्रांतातील तेनामारम येथे १९१७ साली व्यापारी तत्त्वावरची पहिली बाग झाली. आणि पुढच्या साठ वर्षांत बागा जंगलभर आणि घाणे नदीकाठाने पसरले.

घाण्यात नेमके काय घडते हे समजल्यावाचून सांडपाण्याचे स्वरूप समजत नाही, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. आलेले घड प्रथम मोठ्या बंद भांड्यात, सुमारे १४० अंश सेल्सियसच्या दाबाखालील वाफेत, तास-सव्वा तास शिजवितात. तेणेकरून ते विकर मरते आणि फळे देठापासून सुटतात. वाफेचे थंड होऊन जे पाणी होते ते गराचा रस, माती आणि तेलाचा तवंग घेऊन खाली उतरते. सांडपाण्याचा पहिला, जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा, प्रवाह हा. नंतर फळे झोडून वेगळी करतात, गरम भांड्यात घुसळतात, मळसूत्री दाबयंत्रात पिळतात. बाहेर येतो तो तेल, पाणी आणि गराचा गाळ यांचा दाट लगदा. तो पातळ व्हावा म्हणून त्यात कढत पाणी घालतात आणि निवळायला ठेवतात. तेल वर येते, ते काढून घेतात. खाली राहिलेला साका चक्रयंत्रात फिरवून त्यातले उरलेसुरले तेल ओढतात, आणि जे काहीच उपयोगाचे नाही असे ठरते ते सोडून देतात. हा दुसरा प्रवाह सर्वांत मोठा, निम्म्याहून अधिक, आणि सर्वांत दाट. तिसरा प्रवाह फुटलेल्या करवंट्या व आतील गर पाण्याच्या भोवऱ्यात वेगळे करताना निघतो, तो किरकोळ आहे. चोथा आणि करवंट्या बॉयलरमध्ये जळतात, रिकामे घड ढिगाने बाहेर पडतात, आणि हे तिन्ही प्रवाह एकत्र होऊन तपकिरी, आंबट, ऐंशी-नव्वद अंशांचे ऊन पाणी नाल्याला लागते. एक टन तेलामागे पाच ते साडेसात टन पाणी खर्ची पडते आणि त्यातील निम्म्याहून अधिक या रूपाने परत येते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो दोन्ही पक्षांत सारखाच रूढ आहे. या पाण्यात विष नाही. घाण्यात कोणतेही रसायन घालीत नाहीत. वाफ, पाणी आणि फळ एवढाच मामला असतो. घाणेवाले याचा आधार घेऊन म्हणतात की, मग तक्रार कसली? आणि तक्रारदार, मासे मेलेले डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे, विष नाही हे मानायलाच तयार होत नाहीत. वस्तुस्थिती अशी आहे की, हे पाणी अन्नाने अतोनात भरलेले आहे, आणि प्रवाहात पडलेले अन्न खायला जे असंख्य सूक्ष्मजीव धावतात ते पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. या भुकेचे माप म्हणजे बीओडी. घरगुती सांडपाण्यात ते लिटरमागे दोन-तीनशे मिलिग्रॅम असते. पामाच्या घाण्याच्या पाण्यात साधारण २५,००० असते. आपल्याकडील उन्हाळ्याच्या तापमानाला स्वच्छ वहाळाच्या एका लिटर पाण्यात प्राणवायू विरघळून विरघळून मावतो तो साडेसात मिलिग्रॅम. भागाकार वाचकाने स्वतःच करून पाहावा : घाण्याचे एक लिटर पाणी वहाळाच्या तीन हजारांहून अधिक लिटरांतला सगळा प्राणवायू मागते. काळुंद्र वा शेवटा मासा मरतो तो गुदमरून.

घाटावरच्या वाचकाला हा प्रकार नवा वाटणार नाही. साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून मळीपासून मद्यार्क काढल्यावर जे काळे पाणी उरते, त्याची भूक याहूनही मोठी असते, आणि पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या गावांनी त्याचा वास पिढ्यान्‌पिढ्या घेतला आहे. किंबहुना या विषयात महाराष्ट्राला जे ज्ञान आहे ते बहुतांशी त्या काळ्या पाण्याने दिलेले आहे. आणि पुस्तकाच्या लेखकाने आसवन्यांच्या अनुभवाला एवढे थोडे स्थान का दिले, हे मला कळलेले नाही.

प्रमाणाची कल्पना यावी म्हणून एक लहानसा घाणा मनात आणू. दिवसाला पन्नास टन घड घेणारा, म्हणजे मलेशियाच्या हिशेबाने अगदीच बालक. टनामागे सहाशे लिटर धरले तर दररोज तीस हजार लिटर पाणी, म्हणजे अवघे तीन मोठे टँकर. कोणाही संचालकाला ही बाब दुर्लक्षणीय वाटेल. पण त्या तीन टँकरांत साडेसातशे किलो प्राणवायूची मागणी भरलेली आहे, आणि माणशी दररोज पंचेचाळीस ग्रॅम हा सर्वसाधारण दर धरला, तर ती सोळा-सतरा हजार माणसांच्या मैल्याइतकी भरते. मालवण शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत अठरा हजारांच्या घरात होती. एखाद्या वाडीच्या माथ्यावर एक अख्खे मालवण आणून वसवावयाचे आणि त्याचे गटार खालच्या वहाळात सोडावयाचे, असा ठराव कोणी ग्रामसभेत मांडला तर तो नामंजूर होईल हे सांगायला नको. घाण्याच्या अर्जात मात्र तोच ठराव तीन टँकरांच्या रूपाने येतो.

मलेशियाने या संकटातून जी वाट काढली, ती शासनशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावी अशी आहे. १९७० नंतरच्या दशकात पामतेलाचे घाणे हे त्या देशातील नद्यांचे सर्वांत मोठे प्रदूषक झाले होते, आणि तेच घाणे देशाच्या नव्या समृद्धीचे आधारही होते. १९७४ चा पर्यावरण कायदा, त्याखालील १९७७ चे कच्च्या पामतेलाविषयीचे खास नियम, आणि १९७८ च्या जुलैपासून त्यांचा अंमल असा तो क्रम आहे. सरकारने एका दिवसात शुद्ध पाणी मागितले नाही. पहिल्या वर्षी बीओडीची मर्यादा ५,००० ठेवली, पुढल्या वर्षी २,०००, मग १,०००, मग ५००, मग २५०, आणि १९८४ मध्ये १००. पहिल्या वर्षी मर्यादा ओलांडणारास शुल्क भरून सुटता येत असे, नंतर ती मुभा काढून घेतली. परवान्याचे शुल्क कारखान्याच्या आकारावर न ठरविता नदीत जाणाऱ्या भारावर ठरविले : मर्यादेच्या आतील प्रत्येक टनामागे दहा रिंगिट, वरच्या प्रत्येक टनामागे शंभर. त्यामुळे कारखानदाराच्या जमाखर्चाच्या वहीत प्रथमच सांडपाण्याला स्वतःचे खाते मिळाले, आणि ज्याला खाते मिळते त्याचा हिशेब माणूस आपोआप ठेवू लागतो. तेलाचे उत्पादन वाढत गेले आणि नद्यांवरचा भार घटत गेला, या दोन गोष्टी एकाच दशकात घडल्या. आपल्याकडे महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ सालीच केला आणि १९७० मध्ये मंडळ स्थापन केले, म्हणजे केंद्राच्या १९७४ च्या कायद्यापूर्वी. तेव्हा कायद्याच्या वयाचा प्रश्न नाही. आपली मर्यादाही कडक आहे, नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्याला ३० आणि शेतजमिनीला द्यावयाच्या पाण्याला १००. परंतु २५,००० वरून ३० वर उतरण्याची पायरी-पायरीची वाट दाखविल्याशिवाय नुसता आकडा टांगून ठेवला, की तो आकडा दफ्तरात पाळला जातो आणि वहाळात मोडला जातो.

मलेशियातील घाण्यांनी जी युक्ती योजली ती तळ्यांची. एका तळ्यात पाणी निवते, दुसऱ्यात आंबते, मग खोल तळ्यांत महिना-दीड महिना हवेविना कुजते, शेवटी उथळ तळ्यांत हवा खाऊन निवळते. यंत्र नाही, वीज नाही, फक्त जमीन आणि धीर. मध्यंतरी या खोल तळ्यांतून बुडबुड्यांनी निघणारा मिथेन वायू आभाळात जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या सुमारे अठ्ठावीसपट उष्णता धरून ठेवतो, हे पुढे लक्षात आले. तोपर्यंत तळ्यांची गणना निरुपद्रवी व स्वस्त उपायांत होत असे.

प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकाने या तळ्यांची शिफारस आपल्या जिल्ह्यासाठीही केली आहे. येथे माझे त्याच्याशी तीव्र मतभेद आहेत, आणि ते नोंदविण्यास त्याने मोठ्या मनाने संमती दिली म्हणूनच ही प्रस्तावना लिहिण्याचे मी पत्करले.

सेलांगोरात पाऊस बारा महिन्यांत वाटून पडतो. सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि आपल्या देशात घडांची भरही साधारण याच महिन्यांत येते. आपल्या मनातल्या त्या लहान घाण्याला शंभर दिवसांचे पाणी धरणारी तळी करावयाची म्हटली तर तीन हजार घनमीटर लागतील, आणि अडीच मीटर खोलीने बाराशे चौरस मीटर जागा. जून ते सप्टेंबर घाण्याचे पाणी त्यांत येईल छत्तीसशे घनमीटर. आणि त्याच बाराशे चौरस मीटरांवर आभाळातून पडेल तेही छत्तीसशे घनमीटर. म्हणजे कुजण्यास जेवढी मुदत ठरविली तिच्या निम्म्यातच पाणी ढकलले जाणार, आणि तळी ऐन श्रावणात, पुराच्या लोंढ्याबरोबर, कोणाच्या नजरेस न येता भरून वाहणार. पुराने सगळे धुऊन नेले, असे समाधान काही लोक मानतील. गड नदी किंवा कर्ली नदी ही गोदावरी नव्हे. सह्याद्रीच्या पायथ्याशी पडलेले पाणी थोड्याच अवकाशात कालावलीच्या किंवा देवबागच्या खाडीत उतरते, आणि याच मालवणच्या किनाऱ्याचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे. खाडीच्या चिखलात कालवे आणि मुळे ही शिंपली रुतून बसलेली असतात. शेवट्याला पळता येते, त्यांना येत नाही.

दुसरी अडचण जांभ्याची. जांभा दगड सच्छिद्र. त्यावर पडलेले पाणी फटीफटींतून उतरते आणि खालच्या वाडीच्या विहिरीत किंवा झऱ्यात निघते, आणि ते कोणत्या विहिरीत निघेल हे वरून पाहून सांगता येत नाही. मलायाच्या चिकणमातीत खोदलेले तळे स्वतःच आपला तळ बांधते. कातळात खोदलेल्या तळ्याला तळ विकत आणून घालावा लागतो, आणि तो एका ठिकाणी फाटला तरी कळते ते विहिरीला वास आल्यावर. ज्या जिल्ह्यात अजूनही पुष्कळ घरांचे पिण्याचे पाणी स्वतःच्या विहिरीचे आहे, तेथे उघडी तळी म्हणजे शेजाऱ्याच्या घागरीवर केलेला प्रयोग होय.

मग करावे काय? याचे उत्तर पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे, आणि तो भाग मला निःसंशय मोलाचा वाटतो. आधी पाण्यातले तेल काढून घ्यावे. लिटरमागे चार ते सहा ग्रॅम तेल त्यात राहून गेलेले असते, म्हणजे आपल्या घाण्याचे दिवसाला सव्वाशे ते पावणेदोनशे किलो. सांडपाण्याची व्यवस्था ही खर्चाची बाब आहे असे मानणाऱ्या संचालकाने हा आकडा वहीत लिहून ठेवावा. त्यानंतर पाणी निववून बंद, छत असलेल्या टाकीत सोडावे. या टाकीत काम करणारे जीव गाईच्या पोटातलेच सोयरे असतात, आणि तिची प्रकृतीही गाईच्या पोटासारखीच सांभाळावी लागते. काही जीव अन्नाचे आम्ल करतात, दुसरे त्या आम्लाचा वायू करतात. पहिले दांडगे आणि चपळ, दुसरे नाजूक आणि संथ. घड जास्त आले म्हणून एकदम दुप्पट पाणी लोटले की पहिल्यांचे फावते, टाकी आंबते, वायू बंद होतो, आणि ती पुन्हा मार्गी लागायला आठवडे जातात. म्हणून टाकीला विरजण शेणाचे लावावे, खाणे हळूहळू वाढवावे, आणि घाण्याचा हंगाम ओसरल्यावर तिला उपाशी मारू नये. नीट चाललेली टाकी घनमीटरभर पाण्यामागे सुमारे अठ्ठावीस घनमीटर वायू देते. आपल्या घाण्याला दिवसाला आठशे चाळीस, म्हणजे घरगुती पंचवीसेक सिलिंडरांचा जाळ.

ही विद्या सिंधुदुर्गाला बाहेरून शिकावी लागणार नाही. झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानासारख्या संस्थांनी या जिल्ह्यात गोबरगॅसची संयंत्रे घरोघर नेली; टाकी आंबली म्हणजे काय, आणि तिला पुन्हा कसे वळणावर आणावे, हे येथल्या अनेक गृहिणींना इंजिनियरापेक्षा चांगले ठाऊक आहे. आणि त्याही आधी, याच जिल्ह्यात कणकवलीस गोपुरी आश्रम काढून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्यापासून सोनखत करण्याचा ध्यास घेतला होता. ज्या समाजाने मैला उचलणाराला अस्पृश्य ठरवून मैला मात्र बिनदिक्कत निर्माण करीत राहावे, त्या समाजाला त्यांनी स्वतः हातात फावडे घेऊन असे दाखविले की, घाण ही शेतात पोचली की संपत्ती होते, आणि ती तेथे पोचविण्याचे काम ज्याची घाण त्याचे आहे. अप्पासाहेब १९७१ साली निवर्तले, पामाची बाग त्यांनी पाहिली नाही. पण या पुस्तकाच्या विषयाचा त्यांच्याइतका नितळ विचार करणारा माणूस कोकणात दुसरा झाला नाही, असे माझे मत आहे.

टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची भूक पुष्कळशी भागलेली असते, तरी ते नदीत सोडण्याजोगे नसते, आणि त्याचा तपकिरी रंग तर मुळीच जात नाही. लेखक म्हणतो की, ते नदीकडे नेऊच नये, आणि येथे मी त्याच्याशी सर्वस्वी सहमत आहे. घडांच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक वजनाचे रिकामे घड घाण्यात रोज पडून असतात. ते कापून ढिगास लावावे, त्यावर हे पाणी थोडे थोडे शिंपावे, ढीग उलटीत राहावे. कुजण्याच्या उष्णतेने पाणी उडून जाते आणि दोन-तीन महिन्यांत खत हाती येते. पाण्यातील अन्नद्रव्ये त्यातच राहतात : मूळ पाण्यात लिटरमागे दोन ग्रॅमहून अधिक पालाश असते, म्हणजे आपल्या घाण्यातून रोज अडीच पोत्यांहून अधिक म्युरेट ऑफ पोटॅशचा ऐवज वाहतो, आणि ते खत आपला देश जवळजवळ सर्वच्या सर्व परदेशातून आणतो. माडाला आणि पामाला दोघांनाही पालाशाचीच ओढ अधिक. अट एकच, आणि ती पुस्तकात एका ओळीत उरकली आहे म्हणून मी ती येथे मोठ्याने सांगतो : या ढिगांवर पक्के छप्पर हवे आणि खाली पक्की जमीन हवी. मे महिन्यात छपराशिवाय सुरू केलेले खत जूनच्या पहिल्या पंधरवड्यात वहाळात असेल. छपराचा खर्च घाण्याच्या मूळ अंदाजपत्रकात धरला नसेल तर तो पुढे कधीच होत नाही, असा सर्वत्रचा शिरस्ता आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याने बॉयलरच्या आधी छप्पर पाहावे.

आणखी एक गोष्ट, जी लेखकाने विनयाने टाळली आहे. आज या जिल्ह्यातील जो घड सरहद्द ओलांडतो, त्याचे पाणी आपल्या वहाळात पडत नाही. ते जेथे पडते तेथल्या लोकांनी त्याची काळजी घ्यावी, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण घड ज्याच्या बागेतला, त्याचाही त्या पाण्यात काही अंश आहेच. बागायतदारांच्या संस्थेने घाण्याशी दराचा करार करताना सांडपाण्याच्या व्यवस्थेचे कलम त्यात घालावे, खत बागेला परत मिळण्याची तजवीज त्याच करारात करावी, आणि त्यापायी घडाचा भाव थोडा उतरला तर तो उतरू द्यावा. हे कलम पहिल्या करारात घातले नाही तर दुसऱ्या करारात ते घालण्याची ताकद संस्थेपाशी उरत नाही, कारण तोवर झाडे लागलेली असतात आणि पाम एकदा लावला की पंचवीस वर्षे उपटीत नाहीत.

पुस्तक क्रमानेच वाचले पाहिजे असे नाही. ज्याच्या गावाच्या हद्दीत घाण्याचा प्रस्ताव आलेला असेल त्याने जागेच्या निवडीचे शेवटचे प्रकरण आधी वाचावे, आणि वाचताना गावचा नकाशा पुढ्यात घेऊन त्यावर विहिरी, झरे आणि बारमाही वहाळ स्वतःच्या हाताने मांडावेत. सरकारी नकाशात हे सगळे सापडत नाही, ते वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे लागते, आणि विचारायला मे महिना उत्तम, कारण त्या महिन्यात कोणत्या विहिरीला पाणी राहते हे सगळ्यांना ठाऊक असते.